कुणब्याचा माल आणि व्यापाऱ्याचें पेव

सांगलीहून कृष्णेच्या कांठाकांठानें खालीं चालत गेलें म्हणजे तासाभरांत हरिपूर लागतें. वारणा येथें कृष्णेस मिळते, संगमावर संगमेश्वराचें देवालय आहे, आणि ‘शारदा’ नाटकाचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे याच गांवचे. त्यामुळें मराठी रसिकांस गांवाचें नांव परकें नाहीं. व्यापाऱ्यांच्या कीर्दखतावण्यांत मात्र हरिपूरची ख्याति निराळ्याच कारणानें होती. येथील जमिनीच्या पोटांत हळदीचीं पेवें होतीं. अरुंद तोंडाचा, खालीं रुंदावत गेलेला, वीस फुटांच्या आसपास खोल असा खड्डा. त्याच्या कडेनें पाचट व चटया लावावयाच्या, वाळलेली हळद आंत ओतावयाची आणि तोंड मातीनें लिंपून टाकावयाचें. हवा आंत जात नाहीं, कीड लागत नाहीं, आणि माल वर्षानुवर्षे टिकून राहतो. पेव उघडल्यावर मात्र लागलीच आंत उतरण्याची सोय नसे. कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत थांबावें लागे, दिवा खालीं सोडून पाहावा लागे. दिवा विझला तर माणसानें उतरावयाचें नाहीं.

ह्या पेवांसंबंधीं एक साधा प्रश्न आमच्या मनांत फार दिवस घोळत आहे. पेवाची जागा हरिपूरकराची असे व तो तिचें भाडें घेई. परंतु आंतील हळद कोणाची? ती पिकली वाळव्यास, मिरजेस, किंवा दूर उत्तरेस वाईस. पेवांत पडून राहिली ती मात्र बहुतेक व्यापाऱ्याची. ज्यानें नऊ महिने पिकाची वाट पाहिली, त्यास आणखी नऊ महिने भावाची वाट पाहतां येऊं नये, याचें कारण काय?

लहान शेतकरी आपला माल बाजारांत कां नेतो, या प्रश्नाचीं दोन उत्तरें आपणांकडे शंभर-सव्वाशें वर्षें चालत आलीं आहेत. पहिलें इंग्रजी अमदानींतील महसुली अधिकाऱ्यांचें. सडक झाली, आगगाडी आली, भाव चढले, म्हणून कुणबी माल विकूं लागला. ज्या अर्थी तो विकतो त्या अर्थी त्याच्यापाशीं खाऊन उरण्याइतकें पिकतें, आणि उरतें त्या अर्थी तो सुखी आहे. दुसरें उत्तर आमच्या शहरी सुशिक्षितांचें: कुणबी अडाणी, त्यास बाजारभाव कळत नाहीं, म्हणून तो मातीमोलानें विकून मोकळा होतो. पहिल्या उत्तरांत तो हुषार ठरतो, दुसऱ्यांत मूर्ख. दोहोंतही एक गोष्ट गृहीत धरलेली आहे ती ही कीं, विकावयाचें किंवा नाहीं हें तो भाव पाहून ठरवितो. साताऱ्या-सांगलीचा गेल्या दोन शतकांचा इतिहास पाहतां आम्हांस हें गृहीतच डळमळीत वाटतें. कुणब्याचा माल बाजारांत नेणारें बळ भावापेक्षां तारखेचें होतें, आणि ती तारीख क्वचितच त्याच्या हातची होती.

येथें प्रदेशाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आज सातारा व सांगली हे दोन जिल्हे असले तरी हा भाग एकाच खोऱ्याचा आहे. सातारचें राज्य १८४८ सालीं डलहौसीनें खालसा केलें, तेव्हांपासून तो मुंबई इलाख्याचा एक जिल्हा झाला. त्याच्या दक्षिणेस व मधूनमधून पटवर्धन संस्थानिकांचा मुलूख होता. चिंतामणराव आप्पासाहेबांनीं १८०१ सालीं मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीस राजधानी केली व पेठा वसविल्या. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० पासून त्यास सांगली म्हणूं लागले. पश्चिमेस सह्याद्रीच्या उतारावर भात, मध्यें कृष्णा-वारणेच्या काळ्या जमिनींत ऊंस व हळद, आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी भागांत जोंधळा-बाजरी, असा हा पट्टा आहे. एवढ्या अंतरांत विकण्याच्या तीन तऱ्हा पाहावयास मिळतात, म्हणूनच आमच्या प्रश्नास हा प्रदेश सोयीचा आहे.

तारीख आली ती प्रथम साऱ्याची. मराठी राज्यांत वसूल रोख व धान्य अशा दोन्ही रूपांनीं होत असे आणि पुष्कळशी तडजोड पाटील-कुळकर्ण्यांच्या मार्फत चाले. गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पद्धतीची पाहणी या भागांत आली तेव्हां प्रत्येक शेतास आकार बसला, तो तीस वर्षांकरितां कायम झाला, आणि तो रोख रुपयांत व ठराविक हप्त्यांनीं भरावयाचा ठरला. विंगेट हा कनवाळू अधिकारी होता. आकार माफक ठेवावा असें त्याचें धोरण होतें, आणि त्याचें श्रेय त्यास दिलें पाहिजे. परंतु आकार माफक असला तरी रोख होता. जोंधळा खळ्यावर पडला म्हणजे बलुतेदारांचा वांटा जाई, बियाणें बाजूला निघे, घरचें पेव भरे. त्यानंतर राहील त्यांतून रुपये उभे करावयाचे. सगळ्या तालुक्यास एकाच सुमारास रुपये हवे असत, म्हणून सगळा तालुका एकाच सुमारास विकावयास निघे, आणि भाव वर्षांत जेव्हां सर्वांत पडलेला असे तेव्हांच कुणबी विक्रेता होई. चार महिन्यांनीं, आषाढ-श्रावणांत, तोच मनुष्य त्याच पेठेंत गिऱ्हाईक म्हणून उभा राही. त्या वेळीं भाव अर्थातच निराळा.

हें केवळ आमच्याकडेंच घडलें असें नाहीं. जपानांत १८७३ सालीं जमीनमहसुलाची मोठी सुधारणा झाली. तोंपर्यंत तेथील शेतकरी तांदुळाच्या रूपानें कर देत; तो बंद होऊन जमिनीच्या किंमतीच्या शेंकडा तीन या दरानें रोख कर बसला. तांदूळ विकून येन मिळविण्याचें ओझें सरकारच्या डोक्यावरून शेतकऱ्याच्या डोक्यावर आलें. जागोजाग दंगे झाले व १८७७ सालीं दर अडीचवर आणावा लागला. आधुनिक सरकारें रोख पैशावर चालतात हें खरें. परंतु तो रोख पैसा करण्याची जोखीम कोणी सोसावयाची, हा प्रश्न जपानांतील कुळानें विचारला तसाच आमच्याही कुळानें, आपल्या रीतीनें, विचारला.

आमच्याकडील रीत म्हणजे १८७५ चे दंगे. मे महिन्यांत भीमथडींतील सुपें येथें त्यांची सुरुवात झाली व पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत ते पसरले, हें सर्वविश्रुत आहे. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत सातारा जिल्ह्यांत शिराळ्याकडील कोकरूड येथेंही सावकाराच्या घरावर लोक चालून गेले, हें तितकेंसें स्मरणांत नाहीं. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर होता, सावकाराचीं खतें जाळण्यावर होता. खत हें नुसतें कर्जाचें पत्र नव्हे. पुढील सुगीचा माल कोणास जावयाचा याचा तो आगाऊ ठराव असे. गांवचा वाणी साऱ्याच्या हप्त्यास रुपये देई, पावसाळ्यांत पोटास दाणा देई, आणि सुगीला सवाई-दिढीनें दाणाच परत घेई. त्याचें माप त्याच्या हातांत व भावही त्याच्या तोंडांत. असा माल ‘बाजारांत गेला’ असें सरकारी कागदांत नोंदलें जाई. वास्तविक त्यानें बाजार पाहिलेलाच नसे. १८७९ सालीं डेक्कन शेतकऱ्यांचा कायदा झाला व तो पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. कोर्टास जुने हिशेब उकलून पाहण्याचा अधिकार मिळाला. परिणाम असा झाला कीं, कित्येक सावकारांनीं गहाणाऐवजीं खरेदीखतेंच लिहून घेण्यास आरंभ केला. आजारी मनुष्याचें अंथरूण बदललें, एवढाच त्याचा अर्थ. जोतीराव फुले यांचें मूळ घराणें याच जिल्ह्यांतील कटगुणचें. त्यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत सारा, सावकार व कामगार यांच्या कात्रींत सांपडलेल्या कुणब्याचें चित्र काढलें आहे. पुढील अर्थशास्त्रज्ञांस तें चित्र अतिरंजित वाटलें तरी त्यांच्या आंकड्यांनीं तें खोडून निघालें नाहीं.

आतां सडकांचा व आगगाडीचा विचार. पुण्या-मिरजेचा लोहमार्ग १८८० नंतरच्या दशकांत सुरू झाला. तत्पूर्वीं कऱ्हाड-पाटणचा माल कुंभार्ली घाट उतरून चिपळुणास जाई आणि येतांना तेच बैल मीठ व नारळ घेऊन येत. आगगाडीनें ही वहिवाट हळूहळू मोडली. सांगली संस्थाननेंही पुढें मिरजेपासून आपला फांटा आणला, आणि गणपती पेठेंतील हळद-गुळाचा व्यापार दूरदूरच्या मुलखाशीं जोडला गेला. अधिकाऱ्यांचें म्हणणें येथवर खरें आहे: बाजार मोठा झाला. पण कोणास मोठा झाला? गाडीभर माल ज्याचा, तो रात्र प्रवासांत घालवून सांगली गांठी. ज्याच्यापाशीं दोन पोतीं होतीं, त्यास बैलगाडीचें भाडें, जकात, एका दिवसाची मोडलेली मजुरी, हें सारें धरून हिशेब बसत नसे. तो गांवांतच, शिवारांतच, फिरत्या खरेदीदाराच्या पदरांत माल घालून मोकळा होई. सांगलीचा भाव त्याला ठाऊक नसे असें नाहीं. गांवांत सांगलीहून येणारे-जाणारे असत, कार्डें येत, पुढें वर्तमानपत्रें आलीं, आकाशवाणीवर बाजारभाव ऐकूं येऊं लागले. भाव ठाऊक असून उपयोग काय, जर भावापर्यंत पोंचण्याचा खर्च भावांतील फरकाहून अधिक असेल? त्याच्या अडाणीपणाची कथा सांगणाऱ्यांनीं हा बेरीज-वजाबाकीचा हिशेब कधीं मांडलेला आमच्या पाहण्यांत नाहीं.

मालाचा स्वभाव हीही एक मोठी गोष्ट आहे, आणि तिजकडे ग्रंथकारांचें लक्ष कमी गेलें आहे. गूळ पाहा. गुऱ्हाळ पेटलें कीं थांबवितां येत नाहीं. ढेप तयार झाली कीं तिला दमट हवेचें भय. पावसाळ्यांत गूळ पाझरूं लागतो, काळा पडतो. म्हणून गूळ हा उतावळा माल. त्यांत गुऱ्हाळास लागणारी उचल आगाऊ अडत्याकडून आणलेली. तेव्हां ढेप कोणाच्या दुकानीं उतरावयाची हें ती तयार होण्यापूर्वींच ठरलेलें असे. शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं कोल्हापुरास शाहूपुरी वसविली ती गुळाच्या व्यापारावर नजर ठेवूनच. कोल्हापूर, सांगली, कऱ्हाड अशा पेठांत चुरस झाली तेव्हां कुणब्याच्या पदरांत दोन पैसे अधिक पडले असतील. पण ज्यानें उचल घेतली त्यास चुरशीचा लाभ कसला? जोंधळ्याचें उलट. तो टिकतो आणि घरीं खातां येतो. म्हणून माणदेशांतील कुणबी शाळू शेवटपर्यंत हातचा सोडीत नसे. पैसा पाहिजेच झाला तर तो खरसुंडीच्या किंवा म्हसवडच्या जत्रेंत खिलारी खोंड विकी, पण दाणा राखी. १८७६ चा व १८९६ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला त्यांस दाणा राखण्याचें शहाणपण कोणीं शिकवावें लागलें नाहीं.

हळद या दोहोंच्या मधली. ती खाऊन पोट भरत नाहीं, म्हणजे विकणें भाग. परंतु शिजवून, वाळवून, झिलई दिली कीं ती टिकते, म्हणजे आज विकणें भाग नाहीं. कुणब्यास थांबतां येण्याजोगा माल असा हाच एक. आणि इतिहासाचा विपर्यास असा कीं, थांबण्यासाठीं जमिनींत जी एवढी नामी सोय झाली तिचा फायदा घेण्यास तो स्वतःच हजर नव्हता.

याचा थोडासा उलगडा आम्हांस घरच्याच एका गांठोड्यानें केला. आमचें आजोळ वाळवें तालुक्यांतील. आजोबांची जमीन थोडी, हळद अर्धा-पाऊण एकर. त्यांच्या पश्चात् एका फडक्यांत बांधलेल्या अडत्याच्या पट्ट्या आमच्या हातीं आल्या. (अडत्याचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं, तो इतरांसारखाच होता.) पट्टीवर मालाची रक्कम वर आणि तिच्या खालीं वजावटीची उतरंड: अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय, मागील उचलीचें व्याज. विद्यार्थिदशेंत आम्ही त्या वजावटीच संतापानें वाचल्या. तारखा वाचण्याचें सुचलें तें फार पुढें, पन्नाशीच्या घरांत आल्यावर. जवळजवळ सगळ्या पट्ट्या होळी व पाडवा यांच्या आगेंमागें आठ-दहा दिवसांतल्या होत्या. एकच पट्टी आषाढांतली निघाली. आईला विचारलें तेव्हां ती सहज म्हणाली, “त्या वर्षीं तुझ्या मामाची मनिऑर्डर वेळेवर आली होती.” मामा मुंबईस गिरणींत होते.

त्या एका वाक्यानें आम्हांस जें समजलें तें पूर्वीं वाचलेल्या पुष्कळ पुस्तकांनीं समजलें नव्हतें. साताऱ्याच्या कुणब्यानें थांबण्याचें सामर्थ्य मिळविलें तें शेतांतून नव्हे, शेताबाहेरून. घाटावरचीं पोरें गिरणगांवांत गेलीं, पलटणींत गेलीं. अपशिंग्यासारख्या गांवांत तर घरोघर शिपाई. त्यांच्या मनिऑर्डरीनें सारा भरला, लग्न निघालें, आणि घरांतील हळद दोन महिने अधिक घरांत राहिली. गिरणीचा पगार हा शेताच्या मालास मिळालेला टेकू होता, हें आर्थिक इतिहासाच्या पुस्तकांत शहराच्या प्रकरणांतही येत नाहीं व खेड्याच्या प्रकरणांतही येत नाहीं. १९८२ च्या जानेवारींत सुरू झालेल्या गिरणीसंपानंतर हा टेकू निघाला आणि पुष्कळ मामा गांवीं परत आले. त्याचा परिणाम त्या त्या गांवच्या विक्रीच्या तारखांवर काय झाला, हा विषय कोणा तरुण अभ्यासकानें हातीं घ्यावा अशी आमची सूचना आहे.

शास्त्राकडे वळलें तर रानड्यांनीं १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांतील व्याख्यानांत सांगितलें होतें कीं, इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत ज्या गृहीतांवर उभे आहेत तीं गृहीतें हिंदुस्थानांत आढळत नाहींत. त्या उपदेशाचें फळ येण्यास सत्तर वर्षें लागलीं. १९६१ सालीं माथुर व इझिकेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं असें प्रतिपादन केलें कीं, लहान शेतकऱ्याची रोख पैशाची गरज ठराविक असते आणि तेवढी भागेल इतकाच माल तो विकतो. म्हणून भाव चढला तर तो कमी विकील व पडला तर अधिक. पुस्तकी नियमाच्या हें अगदीं उलट. पुष्कळांनीं या मतावर हल्ला चढविला आणि त्यांतील कांहीं आक्षेप रास्तही होते. ज्यास हळद-उंसासारखीं रोख पिकें आहेत त्यास हें मत जसेंच्या तसें लागू पडत नाहीं. परंतु त्याच वर्षीं धर्म नारायण यांनीं १९५०-५१ च्या आंकड्यांवरून जें दाखविलें तें अधिक विचार करावयास लावणारें आहे. जमीन जितकी कमी तितका विक्रीस जाणारा हिस्साही कमी असावा, अशी कोणाचीही अटकळ. आढळलें असें कीं, अगदीं लहान शेतकरी आपल्या उत्पन्नाचा जेवढा हिस्सा विकतो तेवढा मध्यम शेतकरीही विकीत नाहीं; दहा-पंधरा एकरांपर्यंत हा हिस्सा घटत जातो व पुढें मोठ्या जमीनदारांत पुन्हां वाढतो. मोठा विकतो तें उरतें म्हणून. लहान विकतो तें पुरत नाहीं म्हणून. बाजारांत दोघांचीं पोतीं शेजारीं शेजारीं रचलेलीं असतात आणि भाव पुकारणाऱ्यास तीं सारखींच दिसतात.

नाण्याची दुसरी बाजू न सांगणें अन्यायाचें होईल. कुणबी नेहमीं मारून मुटकूनच बाजारांत गेला असें नाहीं. त्यास बाजारांतून कांहीं आणावयाचें असेल तर तो आपण होऊन विकतो. रशियांत १९२३ सालीं उलट प्रकार झाला: कारखान्यांतील जिन्नस महागले, धान्याचे भाव पडले, आणि शेतकऱ्यांनीं धान्य विकण्यास नाखुषी दाखविली. ट्रॉट्स्कीनें या दोन भावांच्या आलेखास कात्रीची उपमा दिली. आमच्याकडे कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कारखाना उभारला तेव्हां लोखंडी नांगर घेण्यास शेतकरी प्रथम कचरत होता; पुढें नांगर व उंसाचा चरक यांच्यासाठीं तोच पैसे सांठवूं लागला. विकण्यामागें असा हेतु आला म्हणजे मनुष्य भावाची घासाघीस मनापासून करतो. साऱ्यासाठीं विकणाऱ्याच्या अंगीं ती उमेद कोठून येणार?

पेठेंतील लबाडीवर इलाज झाला, आणि तो झाला हें आम्ही कृतज्ञतापूर्वक नमूद करतों. पूर्वीं सौदे उपरण्याखालीं होत. खरेदीदार व अडत्या कापडाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेजारीं उभा राहून कापडाकडे पाही. वऱ्हाडांत कारंजें येथें १८८६ सालीं नियंत्रित बाजाराचा प्रारंभ झाला. १९२८ सालीं शेतकी कमिशननें असे बाजार सर्वत्र व्हावे अशी शिफारस केली. मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं कायदा झाला आणि महाराष्ट्र राज्यानें १९६३ सालीं आपला कायदा केला. उघडा लिलाव, प्रमाणित वजन, ठरलेली हमाली व तोलाई हीं आलीं. पण या कायद्यानें बाजाराच्या आवारांत शिरल्यावर काय व्हावें तें ठरविलें. आवाराच्या दारापर्यंत मनुष्य कोणत्या दिवशीं व कोणत्या निकडीनें येतो याला तो हात लावूं शकला नाहीं. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणींत सहकारी संस्थांकडून शेतकऱ्यास मिळणारें कर्ज एकंदर कर्जाच्या शेंकडा तीनच्या आसपास आढळलें. म्हणजे कायदा होऊन बारा वर्षें लोटल्यावरही उचल देणारा हात बहुतांशीं जुनाच होता.

सहकारी साखर कारखान्यांनीं मात्र कृष्णाकांठचें चित्र खरोखर पालटलें. वसंतदादा पाटलांच्या पुढाकारानें सांगलीस कारखाना झाला, कृष्णेच्या व वारणेच्या कांठीं आणखी झाले, आणि ऊंस हा लिलावांत उभा करण्याचा माल राहिला नाहीं. तोडणीची पाळी कारखाना ठरवितो, भावाचा पाया सरकार ठरवितें, आणि १९६६ च्या हुकुमाप्रमाणें चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे असतात. हे चौदा दिवस किती वेळां लांबले याची कहाणी निराळी आहे. आमच्या विषयापुरतें एवढेंच सांगतों कीं, कारखान्याचा सभासद असलेला शेतकरीसुद्धां कित्येकदां कारखान्याची पाळी न पाहतां गुऱ्हाळास ऊंस घालतो, तो रोकडा पैसा लगेच हातीं पडतो म्हणून. त्यास दोन्ही भाव तोंडपाठ असतात. मुलाच्या फीची तारीख मात्र एकच असते.

२०२० सालीं केंद्र सरकारनें शेतमालाच्या व्यापाराविषयीं तीन कायदे केले व दिल्लीच्या वेशीवरील दीर्घ आंदोलनानंतर २०२१ सालीं ते मागें घेतले. त्या वादांत दोन्ही पक्षांनीं बहुतेक सारी शक्ति माल कोठें विकावा या प्रश्नावर खर्च केली: आवारांत कीं आवाराबाहेर, समितीच्या शिक्क्यानें कीं शिक्क्यावांचून. केव्हां विकावा हा प्रश्न त्या कोलाहलांत फारसा ऐकूं आला नाहीं. आमच्या मतें लहान शेतकऱ्यास पहिल्या प्रश्नाहून दुसरा अधिक जिव्हाळ्याचा आहे, आणि पंजाबच्या गव्हावरून जो वाद मांडला गेला त्यांत हरिपूरच्या हळदीला जागाच नव्हती.

तासगांवच्या द्राक्षमळ्यांकडे पाहिलें कीं हा दुसरा प्रश्न आज कोठें आला आहे हें कळतें. द्राक्ष दोन दिवस थांबत नाहीं. त्याचा बेदाणा केला कीं तो शीतगृहांत महिनेच्या महिने राहतो. शीतगृह हें वर आलेलें पेवच. त्यांतील खोक्यांपैकीं बरींच आज खुद्द बागाईतदाराच्या नांवावर असतात, ही गोष्ट हरिपूरच्या पेवांविषयीं सांगतां आली नसती. पण बागाईतदार म्हणजे दोन पोत्यांचा धनी नव्हे. त्याच्यासाठीं राज्याच्या पणन मंडळानें १९९०-९१ पासून शेतमाल तारण योजना चालविली आहे. माल बाजार समितीच्या गोदामांत ठेवावा, हळदीसारख्या मालावर किंमतीच्या शेंकडा पाऊणशेंपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजानें घ्यावें, आणि भाव पाहून विकावें. योजनेचें तत्त्व आम्हांस सर्वथा मान्य आहे. मात्र दोन पोतीं घेऊन गोदामाचें दार गांठणाऱ्यास तेंच गाडीभाडें व तीच मोडलेली मजुरी आडवी येते.

हरिपूरचीं पेवें आतां जवळजवळ संपलीं. २००५ च्या पावसाळ्यांत कृष्णेस महापूर आला, पाणी पेवांत शिरलें आणि हळद आंतल्या आंत कुजली. त्यानंतर व्यापारी सिमेंटच्या गोदामांकडे वळले. २०१८ सालीं सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळालें तेव्हां तिच्या वैशिष्ट्यांत पेवांतील सांठवणीचा उल्लेख मोठ्या अभिमानानें होऊं लागला होता. दरवर्षीं माघ-फाल्गुनांत वाळव्याकडच्या हळदीच्या गाड्या सांगलीच्या आवारांत पूर्वींप्रमाणेंच रांगेनें उभ्या राहतात. जो कोणी त्या रांगेंत न शिरतां गोदामाची पावती घेतो, त्याच्या तारणाची मुदत एकशें ऐंशी दिवसांची असते. फाल्गुनांत ठेवलेल्या मालाची ती मुदत भाद्रपदाच्या सुमारास भरते.